पॅकेटमधली डाळ निवडणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे का?

तुम्ही विचारलंय, हल्ली डाळी-कडधान्यं सॉर्टेक्स होऊन, म्हणजे मशीनवर निवडून, पॅकेटात मिळतात, तरी बायको ताट घेऊन निवडत बसते, हा वेळ वायाच ना? नाही. माझे धाकटे दीर हाच वाद वर्षानुवर्षं घालत आलेत, म्हणून लिहायला बसले.

आमचं जुनं घर बडोद्याला, दांडिया बाजारात. उन्हाळ्यात हाथीखान्यातल्या धान्यबाजारातून वर्षाची तुरीची डाळ यायची. सासूबाई ती पाखडायच्या, सुपात घोळायच्या, वेचायच्या, मग एरंडेल चोळून पत्र्याच्या डब्यांत भरायच्या. दीर येता-जाता म्हणायचे, "वहिनी, कशाला डोळे फोडता, आता मशीनं आलीत." एकदा ते स्वतःच मटकीचं पॅकेट घेऊन आले आणि "ही निवडायची नाही" असं बजावून गेले. सासूबाईंनी नुसती धुऊन भिजत घातली. जेवताना मामंजींच्या दाढेखाली कट्‌कन वाजलं. दीर म्हणाले, "गणंग असेल," म्हणजे भिजूनही न फुगलेला टणक दाणा. मामंजींनी तळहातावर काढून दाखवलं, तर खडा आणि सोबत दाढेचा टवका. पुढे ती दाढ काढावीच लागली. दीर अजूनही गणंगच म्हणतात! अहो, गणंग कितीही टणक असला तरी त्याला साल असते, नखाने खरवडून बघा. दगडाला कुठली साल?

सॉर्टेक्स मशीन रंग बघतं. काळा, डागी दाणा ते उडवतं, पण मटकीच्याच रंगाचा, मटकीएवढाच खडा त्याला दिसत नाही. खड्यांसाठी वजनावर चालणारं वेगळं मशीन असतं, त्यातूनही एखादा निसटतो. आणि किडीचं काय? भुंगेरा चवळीच्या, मुगाच्या दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी चिकटवतो, अळी आत शिरून दाणा पोखरते. आत कीड असेल तर पॅकेट बंद असूनही ती वाढते. भिजवताना पोकळ दाणे वर तरंगतात ते काढा, पण सगळेच किडके तरंगतात असं नाही. ते डोळ्यांनीच शोधावे लागतात. गणंग भिजल्यावर फुगत नाहीत, ते मोड आणायला बांधण्याआधी वेचायचे.

मसुरीच्या किंवा मुगाच्या पिवळ्या डाळीवर नुसती नजर फिरवली तरी चालतं, हे खरं. तुमच्याकडे तेलाची तूर येत असेल तर ती गरम पाण्याने चोळून धुवा.

बाकी वेळ वाचवायचाच असेल तर दुसरं ताट घेऊन बायकोशेजारी बसा. दोघांत किलोभर मटकी टीव्हीवरच्या बातम्या संपायच्या आत होते. आमच्या दिरांना मी आता हेच सांगितलंय: उसळ हवी असेल तर मटकी तुम्ही निवडायची.