खड्ड्यात आदळलेल्या चाकाचा हब बदलायचा की लेथवर मारून घ्यायचा?

तुम्ही लिहिलंय की परशुराम घाट उतरल्यावर पुढचं डावं चाक खड्ड्यात आदळलं, रिम वाकली, ती बदलून घेतली. पण साठच्या वर गेलं की घुं घुं आवाज येतोय आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. एक गॅरेजवाला म्हणतो हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि त्याचं बेरिंग दोन्ही बदला, दुसरा म्हणतो हब लेथवर तासून साफ करून देतो, पैसे वाचतील. खरं कोणाचं?

मी दापोलीत गॅरेज चालवतो. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळी भरायला वाळूत उतरणाऱ्या टेम्पोपासून घाट चढणाऱ्या गाड्यांपर्यंत बरेच हब हातातून गेलेत. म्हणून आधी एवढंच सांगतो: तुमच्या गाडीला दोन वेगळी दुखणी असू शकतात, त्यांना एकत्र धरू नका.

घुं घुं हे बहुतेक वेळा बेरिंगचं. दणक्यात आतले बॉल रेसवर, म्हणजे ते ज्या कड्यांमध्ये फिरतात त्यांवर, दाबले जातात, रेसवर बारीक खोलगट खुणा पडतात आणि आवाज कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो. त्यामुळे ‘खड्ड्यानंतर लगेच तर काही नव्हतं’ याला अर्थ नाही. मोकळ्या रस्त्यावर उजवीकडचं लांब वळण घ्या. गाडीचं वजन डाव्या चाकावर येतं. तेव्हा आवाज वाढला आणि डावीकडे वळताना कमी झाला तर डावं बेरिंग गेलंय. मग गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात शॉकच्या स्प्रिंगवर ठेवा. चांगलं बेरिंग असेल तर स्प्रिंग शांत राहते. खराब असेल तर बोटांना जात्यात खडा आल्यासारखी खरखर कळते. कानापेक्षा माझा बोटांवर जास्त भरवसा आहे.

थरथर मात्र ब्रेकच्या डिस्कची किंवा हबच्या फेसची, म्हणजे डिस्क जिथे टेकते त्या सपाट बाजूची. इथे आपल्या किनारपट्टीचा मुद्दा येतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यामुळे डिस्क आणि हबच्या मध्ये गंजाचे पापुद्रे बसतात. नुसता तेवढा गंजही डिस्क वाकडी बसवायला पुरतो. गंज म्हणजे हब बाद नव्हे. डिस्क काढून तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर मारा, व्हीलनट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या बुंध्याशीही, पांढरं लोखंड दिसेपर्यंत.

मग बारीक डोल मोजणारं डायल गेज लावायला सांगा. हबच्या फेसला साधारण ०.०५ मिमीपेक्षा जास्त डोल नसावा, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. बेरिंगला प्ले (ढिलेपणा) असेल तर हे माप फसवं येतं, म्हणून प्ले आधी बघा. हबच्या फेसवर गेज नीट लावता येत नसेल तर आणखी एक खात्रीची रीत: डिस्क सगळे नट आवळून बसवा, तिच्या कडेला जास्तीत जास्त डोल कुठे येतो तिथे खडूने हबवर आणि डिस्कवर खूण करा. आता डिस्क काढून अर्धा फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. डोल हबच्या खुणेपाशीच राहिला तर हब वाकलाय. डिस्कच्या खुणेबरोबर सरकला तर हब निर्दोष आहे, डिस्क बदला.

हब वाकला असेल तर लेथला माझा साफ नकार आहे. फेस सपाट दिसेल, पण फ्लँज (हबची स्टड असलेली चकती) पातळ होते आणि दणक्याने आत चीर पडली असेल ती तशीच राहते. मेहुण्याच्या गाडीचा हब मी एकदा असाच मारून आणला होता. दोन महिन्यांनी पंक्चरसाठी चाक काढलं तर स्टडच्या बुंध्यापासून केसाएवढी चीर फ्लँजवर गेलेली. त्या गाडीत माझी बहीण आणि तिची दोन पोरं रोज फिरत होती. त्यानंतर वाकलेला हब मी परत गाडीला लावलेला नाही.

बेरिंग काढल्यावर हबची मान, म्हणजे बेरिंग जिच्यावर बसतं तो भाग, जरूर बघा. जुन्या बेरिंगची आतली रेस तिच्यावरच अडकून येते आणि ती ग्राइंडरने कापताना मानेला घाव बसू शकतो. मान निळी पडली असेल, नख अडकेल असा चरा असेल, किंवा नवी रेस हाताने ढकलून बसत असेल तर हब बाद. तिथे पंचाचे टोचे मारून ‘टाइट करून देतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. रेस मानेवर फिरायला लागते आणि नवं बेरिंगही जातं.

नुसता एक स्टड तुटला किंवा आटे गेले तर स्टड तेवढा बदलतो. भोक लांबट झालं असेल तर मात्र हब बदला, वेल्डिंग नको. आणि तुमच्या गाडीला हब-बेरिंग एकत्र युनिट असेल तर वादच नाही, युनिट बदला. भंगारातला जुना हब घेऊ नका, तो कुठल्या अपघातातून आलाय हे तुम्हाला कळणार नाही.

दुसऱ्या बाजूचा हब विनाकारण बदलायची गरज नाही. पण इतका जोरात दणका बसलाय तर नकल (बेरिंग ज्यात बसतं तो भाग), लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि शॉकचा दांडा सरळ आहेत ना ते बघून घ्या, शेवटी अलाइनमेंट करा.

बसवताना समोर उभे राहा. बेरिंग हायड्रॉलिक प्रेसवरच बसलं पाहिजे, हातोड्याने नाही. एबीएस असेल आणि बेरिंगच्या एका सीलवर चुंबकी पट्टी असेल तर ती बाजू सेन्सरकडे हवी, नाहीतर दिवा लागून राहील. एक्सलचा नट नवा आणि टॉर्क पान्याने आवळलेला हवा. शंभर किलोमीटरनंतर व्हीलनट पुन्हा तपासा.

स्प्रिंगवर खरखर लागली किंवा चाक वर-खाली हलवताना हाताला प्ले जाणवला, तर काम होईपर्यंत कुंभार्ली घाट चढू नका. बाजारापुरतीही गाडी काढू नका.