पहिल्या मिनिटाचं हसू

पत्र थोडक्यात असं: "ताई, मी २७ वर्षांचा, नाशिकचा. चार वर्षं बेली डान्स शिकतोय. यंदा सोसायटीच्या गणपतीत पहिल्यांदाच केला. कंबर हलली आणि हॉलमध्ये हशा पिकला. शिट्ट्या, 'अगं बाई!' अशा आरोळ्या. मध्ये नुसत्या तालाचा तुकडा होता, तेवढ्यापुरतं सगळं चिडीचूप. बाबा अर्ध्यातून उठून गेले. नंतर पार्किंगमध्ये भेटले, माझी कपड्यांची बॅग धरून उभे होते, बोलले काहीच नाहीत. आता वाटतं, सरळ कॉमेडीच करावी. निदान हसणं माझ्या मर्जीचं असेल."

अरे, कॉमेडीचं खूळ आधी डोक्यातून काढ. ज्याला हौस आहे त्याने खुशाल हसवावं, तू मात्र घाबरून हसवायला निघालायस. गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या इतका हुबेहूब उभा केला, की हा बायकामुलांचा माणूस खऱ्या आयुष्यातही तसाच असं लोक धरून चालले.

आता जो तो तुला बालगंधर्वांचा दाखला देईल. तो तुझ्या उपयोगाचा नाही. ते शालू नेसून आले की लोकांना बाईच दिसायची, प्रश्न मिटायचा. तू पुरुष म्हणूनच उभा राहतोस आणि कंबर चालवतोस. हे बघायचं कसं तेच कळत नाही, म्हणून लोक अवघडतात आणि हसतात. (काही जण निव्वळ आचरट असतात, त्यांना सोड.)

हे अवघडलेपण बेली डान्स जिथला, त्या इजिप्तच्या कैरोतही जुनंच. १८३४ मध्ये तिथला राज्यकर्ता मुहम्मद अली याने नाचणाऱ्या बायकांना शहराबाहेर घालवलं, तेव्हा बायकी वेशात नाचणाऱ्या 'खवल' पोरांची चलती झाली. लोक गर्दी करून बघायचे, आणि आज तोच शब्द तिथे शिवी आहे. नुसत्या टाळ्यांवर जाऊ नकोस, म्हणून सांगते. पुढे तिथल्याच महमूद रेडा या नर्तकाने १९५९ साली नृत्यमंडळी काढली आणि पुरुषांना लाठीचे, रांगड्या चालीचे नाच दिले. आजचा इजिप्शियन नर्तक टिटो सैफ गलाबिया म्हणजे पायघोळ झगा घालतो, त्यावर कमरेला पट्टा बांधतो आणि खुशाल शिमी करतो, म्हणजे कंबर थरथरवतो. त्याचे व्हिडिओ बघताना कंबर विसर. तो प्रेक्षकांशी कसा खेळतो ते बघ.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो चिडीचूप झालेला तुकडा. नाशिककर ढोलाच्या आवाजावर वाढलेले. ठोका कुठे पडला हे त्यांना सांगावं लागत नाही. मग सुरुवातच दरबुक्याने, म्हणजे बेली डान्सच्या त्या हाताने वाजवायच्या ढोलकाने कर ना! (इजिप्तमध्ये त्या वाद्याला तबला म्हणतात, हे निवेदकाला सांगायला लाव, लोक कान टवकारतील.) पाय रोवून उभा राहा. एका ठोक्याला एकच झटका, पट्ट्यावरची नाणी एकदाच वाजली पाहिजेत. मग थांब. पुढचा ठोका येईपर्यंत हलू नकोस. लोकांची नजर एकदा तालावर बसली की लाटा, हात, काय हवं ते कर. आणि कुणी ओरडलं तर स्टेजवरून उत्तर देऊ नकोस, तू त्यात कच्चा पडशील.

राहता राहिले बाबा. त्यांना नाच समजावत बसू नकोस. ते रागावून घरी गेले असते तर गोष्ट वेगळी होती. पुढच्या कार्यक्रमाला निघताना एवढंच म्हण, "बाबा, बॅग धरायला येता का?"

— ताई