वाचकांचे प्रश्न : फोटो कळला नाही, की मजकूर?

प्रश्न : गेल्या महिन्यात एका फोटो प्रदर्शनाला गेले होते. रिकाम्या खोल्यांचे, भिंतींचे मोठमोठे फोटो. शेजारी लावलेला मजकूर तीनदा वाचला. ‘अवकाशाची निःशब्द चिकित्सा’ असं काहीसं होतं, डोक्यात काही शिरलं नाही. भाचा म्हणाला, ‘असले फोटो मी मोबाइलवर काढीन.’ सगळे मान डोलावत होते, म्हणून मीही डोलावली. खरं सांगा, हे आम्हाला कळायचंच नसतं का?

उत्तर : मान डोलावलीत ते राहू द्या, पुढच्या वेळी डोलावू नका. फोटो न कळणं वेगळं आणि मजकूर न कळणं वेगळं. तुमचं बहुतेक मजकुरापाशीच अडलंय, आणि त्यात तुमची चूक काडीचीही नाही.

फोटो अवघड असायला माझी हरकत नाही. बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्यानं १९५९पासून कित्येक दशकं पाण्याच्या टाक्या, लोखंडाच्या भट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांचे फोटो काढले. ब्लॅक अँड व्हाइट. उजेड ढगाळ, म्हणजे कडक सावली नाही. कॅमेरा अगदी समोर. मग अशा नऊ-नऊ, बारा-बारा टाक्यांचे प्रिंट रांगा लावून एकत्र टांगायचे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला सरळ कंटाळा आला. मग डोळे आपोआप तुलना करायला लागले. हिचे पाय बारीक, तिची टोपी चपटी, एकीचा जिना बाहेरून. निव्वळ कामासाठी बांधलेल्या वस्तूंनाही चेहरे असतात, हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. भाच्याला सांगा, एक टाकी मोबाइलवर नक्की निघेल. वर्षानुवर्षं तोच उजेड आणि तोच कोन धरून बसणं मात्र फार अवघड.

त्यांचाच विद्यार्थी आंद्रेआस गुर्स्की. त्याचा १९९९चा ऱ्हाइन नदीचा फोटो म्हणजे हिरवळ, पाणी, पुन्हा हिरवळ आणि वर राखाडी आकाश. सुमारे साडेतीन मीटर रुंदीच्या आडव्या पट्ट्या. २०११ साली लिलावात तो ४३ लाख डॉलरला गेला, तेव्हा ‘यात आहे काय?’ असं विचारणारे पुष्कळ निघाले. किंमत बाजूला ठेवा, ती बाजाराची गोष्ट. पण पलीकडच्या काठावरच्या इमारती त्यानं कॉम्प्युटरवर पुसून टाकल्या आहेत, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं की फोटो बदलतो. ही नदी त्या काठावर उभं राहिलं तरी अशी दिसणार नाही! मग तो आवडो न आवडो, त्यानं काय केलंय ते तरी कळतं. भिंतीवरच्या मजकुराचं काम एवढंच असतं.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. माझ्या एका प्रदर्शनात भिंतीवरच्या तेलकट डागाचा फोटो होता. खाली मी लिहिलं होतं, ‘अनुपस्थितीचा पृष्ठभाग’. साधं लिहिलं तर काम हलकं वाटेल, अशी भीती होती. एक गृहस्थ बराच वेळ मजकूर वाचत उभे राहिले आणि मग हळूच त्यांनी विचारलं, “भिंतीला ओल आली होती का?” मी म्हणालो, “नाही हो. वडील रोज तिथं डोकं टेकून पेपर वाचायचे.” ते मागे वळले आणि पुन्हा फोटोसमोर जाऊन उभे राहिले. या वेळी मजकुराकडे त्यांनी पाहिलंही नाही.

म्हणून पुढच्या वेळी आधी फोटो बघा, मजकूर नंतर. फोटोग्राफर तिथं असेल तर विचारा, ‘नेमकं हेच का काढलंत?’ ज्यानं मनापासून काढलाय त्याला उत्तर द्यायला आवडतं. उत्तरातही पुन्हा तेच जड शब्द आले, तर खुशाल पुढच्या फोटोकडे जा.

तो डागाचा फोटो मी अजूनही प्रदर्शनात लावतो. खाली आता एवढंच असतं : ‘वडील इथं डोकं टेकून पेपर वाचायचे.’