एकट्याने विमान बांधताना कंपन्यांकडून काय घ्यायचं

विमान कंपन्या आणि स्वतःच्या वर्कशॉपमध्ये विमान बांधणारे यांच्यात नेमका फरक काय, आणि पहिलंच विमान प्लॅन्सवरून (म्हणजे तयार आराखड्यांवरून) बांधायचं तर लाकूड, पत्रा की कंपोझिट (रेझिनमध्ये बसवलेले काचतंतू), असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यात दडलंय, म्हणून तिथूनच सुरू करतो.

फरक हाताच्या कसबात नाही, पडताळणीत आहे. कंपनीला आधी टाइप सर्टिफिकेट घ्यावं लागतं, म्हणजे डिझाइन नियमांच्या कसोटीला उतरतं हे दाखवावं लागतं. मग प्रॉडक्शन सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्यातून निघणारा प्रत्येक नग त्याच डिझाइनबरहुकूम आहे याची खात्री. अमेरिकेत हौशी बांधणाऱ्याला ही दोन्ही लागत नाहीत. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौसेसाठी किंवा शिकण्यासाठी केलेलं असावं, एवढीच मुख्य अट. तिलाच सगळे 51 टक्क्यांचा नियम म्हणतात. पण पडताळणीची गरज काही त्यामुळे कमी होत नाही. ती एकट्याने कशी भागवायची, हे इतिहासातून चांगलं शिकता येतं.

राइट बंधूंकडे कारखाना नव्हता, तरी 1901 मध्ये त्यांनी स्वतः विंड टनेल (जोराची हवा सोडून नमुने तपासायचा बोगदा) बांधून पंखांचे छोटे नमुने तपासले, कारण उपलब्ध आकडे ग्लायडरच्या प्रत्यक्ष उचलेशी जुळत नव्हते. 1903 चं विमान उडालं ते या तपासणीच्या जोरावर. अमेरिकेतले हौशी बांधणारे बर्नार्ड पीटनपोल यांनी 1929 मध्ये फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन बसवून एअर कॅम्पर हे आपलं विमान उडवलं. त्याच्या प्लॅन्सवरून लोक आजही विमानं बांधतात.

उलट उदाहरण फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांच्या एचएम-14 या विमानाचं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. 1933 चं हे विमान सुताराला जमेल इतकं सोपं होतं: एकामागे एक दोन पंख, एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या झडपा) नाहीत, स्टिक (पायलटच्या हातातला दांडा) मागे-पुढे केली की पुढचा पंखच कलतो. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये लोकांनी ते उत्साहाने बांधलं. मग एकाच प्रकारचे अपघात होऊ लागले: विमान सूर मारायचं आणि त्यातून बाहेरच यायचं नाही. पूर्ण आकाराचं विमान विंड टनेलमध्ये ठेवल्यावर कारण सापडलं. नाक बरंच खाली असताना पायलट स्टिक ओढायचा, पुढच्या पंखाचा कोन वाढायचा, आणि दोन पंखांमधल्या अरुंद फटीतून जाणारी हवा मागच्या पंखाचीच उचल वाढवायची. शेपटीकडची बाजू वर, नाक आणखी खाली. बांधणाऱ्यांच्या सुतारकामात काही खोट नव्हती. ती अवस्था आधी कोणी तपासलीच नव्हती. म्हणून पहिल्या विमानासाठी असंच डिझाइन निवडा, ज्याची बरीच विमानं अनेक वर्षं उडताहेत. आणि पंखाचा कोन, दोन भागांमधलं अंतर, शेपटीचं क्षेत्रफळ यांतलं काहीही स्वतःच्या मनाने बदलू नका.

आता साहित्य. नुसत्या प्लॅन्सवरून बांधायचं असेल तर माझं मत लाकडाच्या बाजूने आहे, कारण त्याची तपासणी घरच्या घरी होते. स्पारसाठी (पंखाच्या आतल्या मुख्य तुळईसाठी) सिटका स्प्रूस हे लाकूड घेताना एका इंचात किमान 6 वाढीची वलयं मोजा. लाकडाच्या रेषांचा तिरपेपणा 15 इंच लांबीत 1 इंचापेक्षा जास्त नको. गोंदाचा प्रत्येक घाणा कालवला की त्याच लाकडाच्या दोन तुकड्यांचा एक नमुना सांधा चिकटवा, त्यावर तारीख लिहा आणि गोंद पूर्ण पक्का झाल्यावर तो तोडा. तुटताना लाकडाचे तंतू फाटले पाहिजेत. गोंदाची रेघ स्वच्छ उघडी पडली तर त्या घाण्यात चिकटवलेलं सगळं संशयास्पद समजा. बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: क्लॅम्प इतका आवळला की गोंद बाहेर पिळून गेला, पृष्ठभागाला तेलकट हात लागले, किंवा कालवलेला गोंद जास्त वेळ उघडा राहिला.

पत्र्याचं काम किटमधून (तयार सुट्या भागांच्या संचातून) करणं सोपं, कारण भोकं आधीच पाडलेली येतात. 1/8 इंचाचा रिव्हेट ठोकण्याआधी पत्र्याबाहेर साधारण 4.8 मिमी उरला पाहिजे; ठोकल्यावर तयार होणारं डोकं 4.8 मिमी रुंद आणि 1.6 मिमी उंच. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत किमान 6.4 मिमी सोडा. भोकाच्या कडेची धार दोन्ही बाजूंनी काढा, नाहीतर डिंपल करताना (रिव्हेटचं डोकं पत्र्याशी सपाट बसावं म्हणून भोकाभोवती खळगा पाडताना) तिथूनच तडा जातो. यात कंपनीही चुकते. विमानांची किट बनवणाऱ्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या लेझरने कापलेल्या भोकांना डिंपल करताना तडे जात असल्याचं 2023 मध्ये उघड झालं. कंपनीने चाचण्या घेतल्या आणि कोणते भाग बदलायचे ते ग्राहकांना कळवलं, पण खर्चाचा बोजा इतका वाढला की डिसेंबरमध्ये दिवाळखोरी संरक्षण मागावं लागलं. बांधणाऱ्यांनी भोकं बारकाईने पाहिली म्हणून तडे दिसले, हे लक्षात ठेवा.

कंपोझिटचा मार्ग अमेरिकन डिझायनर बर्ट रुटान यांनी 1975 च्या व्हेरीईझी या विमानाने हौशी लोकांना मोकळा केला: साचा नाही, तापलेल्या तारेने फोम कापायचा आणि त्यावर फायबरग्लास व इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर पक्कं होणारं रेझिन) चढवायचं. वेगवान आणि देखणी विमानं होतात. पण आत राहिलेली चूक नंतर दिसत नाही, म्हणून पहिल्या विमानासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. तरी करायचंच असेल तर इपॉक्सी वजनकाट्यावर मोजा. हार्डनर (ते पक्कं करणारा घटक) जास्त घातला तर ते लवकर पक्कं होत नाही, कायमचं कमजोर राहतं. पेट्रोल पॉलिस्टायरीन फोम विरघळवतं, त्यामुळे टाकीजवळ तो नको. रंग पांढरा ठेवा. गडद रंगाखाली उन्हात इपॉक्सी मऊ पडण्याइतकं तापू शकतं.

सांगाडा मोडून होणारे अपघात हौशी विमानांत तुलनेने कमीच. जास्त घात करतं ते पहिल्या काही उड्डाणांत बंद पडणारं इंजिन, आणि त्यामागे पुष्कळदा इंधनाची लाइन असते. कारच्या इंजिनाचं रूपांतर केलं असेल तर हा धोका वाढतोच. म्हणून पहिल्या उड्डाणाआधी ही चाचणी टाळू नका. इंजिन बंद, शेपूट खाली घेऊन नाक चढाईच्या सर्वांत मोठ्या कोनापेक्षा थोडं वर, टाकीत अगदी थोडंच पेट्रोल. कार्बुरेटरजवळची नळी सोडून मोजपात्रात धरा आणि घड्याळ लावा. नुसत्या गुरुत्वावर चालणाऱ्या लाइनमधून टेकऑफच्या खपाच्या 150 टक्के पेट्रोल आलं पाहिजे, पंप असेल तर 125 टक्के. इंजिन तासाला 24 लिटर घेत असेल तर गुरुत्वाच्या लाइनमधून 36 लिटर, म्हणजे मिनिटाला 600 मिलिलिटर. हाच प्रवाह शेवटपर्यंत टिकतो का पाहा. हळूहळू मंदावला तर आधी टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक तपासा, मग फिल्टर. फिल्टरमध्ये टाकी बनवतानाचा भुसा किंवा सीलंटचे कण सापडले तर टाकी धुऊन सगळी चाचणी पुन्हा घ्या.