कात्री नेमकी कोणाच्या हातात असते?

प्रश्न : 'केवळ प्रौढांसाठी' असे प्रमाणपत्र दिल्यानंतरही सेन्सॉर बोर्ड चित्रपटातील दृश्ये का कापते? निर्मात्याला ते नाकारता येते का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाला, म्हणजे रूढ भाषेतील सेन्सॉर बोर्डाला, प्रेक्षकांचा वयोगट ठरवण्याखेरीज बदल सुचवण्याचाही अधिकार १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने दिला आहे. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान अशा कारणांवरून प्रौढांसाठीच्या चित्रपटालाही प्रमाणपत्र साफ नाकारता येते. प्रदर्शनापूर्वीच्या या परीक्षणाला चित्रपट दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. १९७० मध्ये न्यायालयाने हे परीक्षण वैध ठरवले.

प्रत्यक्ष कापाकापी मात्र निर्माताच करतो, आणि पुष्कळदा स्वतःच्या हिशेबाने. 'ए' (केवळ प्रौढांसाठी) प्रमाणपत्र मिळाले की मुलाबाळांसह येणारा प्रेक्षक हातचा जातो आणि ती आवृत्ती दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही. त्यामुळे अमुक दृश्ये काढल्यास 'यूए' (पालकांच्या मार्गदर्शनाखाली मुलांनाही पाहता येईल असे प्रमाणपत्र) मिळेल असे दिसताच निर्माता वकिलाऐवजी संकलकाला गाठतो. बातम्यांत ज्याला सक्ती म्हटले जाते, त्यातील बराचसा भाग माझ्या मते हा असा सौदा असतो.

ज्याला सौदा मान्य नाही, त्याला परीक्षण समितीनंतर पुनरीक्षण समितीकडे जाता येते. पूर्वी त्यापुढे अपील न्यायाधिकरण होते. ते २०२१ मध्ये रद्द झाल्यापासून उच्च न्यायालय हाच मार्ग उरला आहे, आणि लहान निर्मात्याला तो परवडेलच असे नाही. 'उडता पंजाब' या प्रौढांसाठीच्याच चित्रपटात मंडळाने १३ बदल सुचवले होते. निर्माते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १३ जून २०१६ रोजी, प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना, न्यायालयाने एकच कट कायम ठेवून ४८ तासांत प्रमाणपत्र देण्यास सांगितले. इतक्या कमी वेळात निकाल लागणे हा अपवाद आहे. प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेली आणि चित्रपटगृहे ठरलेली असताना बहुतेक निर्माते कट स्वीकारून मोकळे होतात.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. 'यूए १६+' चित्रपटाला तिला चित्रपटगृहात अडवता येईल का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : नाही. २०२३च्या दुरुस्तीने आलेले ७+, १३+ आणि १६+ हे टप्पे पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत आणि त्यांची अंमलबजावणी पालकांखेरीज कोणालाही करता येत नाही. 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटाला मात्र १८ वर्षांखालील मुलांना, पालक सोबत असले तरी, प्रवेश देता येत नाही.