मुलीची चाचणी तुम्ही का सोडवलीत?

प्रश्न : मुलीला बारावी कला शाखेत 78 टक्के आहेत. तिला मानसशास्त्र घ्यायचंय. ती हट्टी आहे, खूप बोलते, रात्री दोनपर्यंत जागते. तिच्या वतीने मी नेटवरच्या दोन चाचण्या भरल्या. नार्सिसिझममध्ये (अति आत्मप्रेम) 40 पैकी 24 आले, मेनियाच्या (उन्माद) चाचणीत 13 पैकी 8 ‘हो’. अशा मुलीने हे क्षेत्र निवडावं का? माझ्या मते बी.कॉम. बरं. – एक पालक, सांगली

उत्तर : 78 टक्क्यांची काळजी सोडा. मला काळजी वाटते ती ‘तिच्या वतीने’ या शब्दांची. या स्व-अहवालाच्या प्रश्नावल्या आहेत. ज्याचं मन, त्यानेच भरायच्या. तुम्ही मोजलंत ते तुमचं तिच्याबद्दलचं मत.

नार्सिसिझमची प्रश्नावली वाक्यांच्या 40 जोड्यांची, प्रत्येक जोडीतलं एक निवडायचं; ती 1988 ची, संशोधनासाठी केलेली. तिच्यात पुढारपण आणि ठामपणा यांनाही गुण मिळतात, आणि तरुणांचे आकडे मोठ्यांपेक्षा सहसा जास्तच येतात. कितीच्या वर गेलं की आजार, अशी रेषाच तिच्यात नाही.

दुसरी ‘मूड डिसॉर्डर क्वेश्चनेअर’ दिसते. तिथे नुसते ‘हो’ मोजून भागत नाही. सात किंवा अधिक ‘हो’, त्यांतली बरीच लक्षणं एकाच काळातली, आणि त्यांमुळे आयुष्यात मध्यम किंवा गंभीर अडचण, असं तिन्ही जुळलं तरच ती ‘पुढे तपासा’ म्हणते. निदान तेव्हाही होत नाही. 2000 साली मनोविकार बाह्यरुग्णांमध्ये तिने बायपोलरच्या (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार) खऱ्या रुग्णांपैकी 73 टक्के ओळखले. 2003 मध्ये सर्वसामान्य लोकांत फक्त 28 टक्के. म्हणजे ‘नाही’ आलं तरी निर्धास्त होता येत नाही. शिवाय ऐन मेनियात माणसाला आपलं काही बिघडलंय हेच पटत नाही. म्हणून मेनियाची तीव्रता मोजायची 11 मुद्द्यांची ‘यंग’ नावाची मापनपट्टी तपासणारा भरतो, रुग्ण नव्हे.

जागरणाचंही तसंच. दोनला झोपून दहाला उठणं ही सवय झाली. सलग चार-पाच दिवस तीन तासच झोप, तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळणं चालू, असं असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. जाताना तारखा, झोपेचे तास, काय वेगळं दिसलं ते लिहून न्या. तुमचं निरीक्षण तिथे खरंच उपयोगी पडेल. आधी बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.

मानसशास्त्राची वाट : बी.ए., एम.ए., आणि क्लिनिकल व्हायचं तर भारतीय पुनर्वसन परिषदेचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण व नोंदणी. बी.कॉम. तिने मागितलेलं नाही. आणि ते आकडे तिला ऐकवले असतील, तर प्रवेश अर्जाआधी तिची माफी मागा.