टर्मिनलमध्ये फाइल कट-पेस्ट करता येते का?

प्रश्न : नमस्कार सर, मी सोलापूरची, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या युनिटमध्ये डिझाइनच्या फाइली सांभाळते, आमचा कॉम्प्युटर लिनक्सवर आहे आणि सगळं काम टर्मिनलमधूनच, म्हणजे कमांड टाइप करून करायचं. गेल्या आठवड्यात एमव्ही कमांडनं एक फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकली, तिथं त्याच नावाची जुनी फाइल होती ती काही न विचारता गेलीच, जकार्डची बॉर्डर परत काढण्यात दोन दिवस गेले. माऊसनं करतो तसं कट-पेस्ट टर्मिनलमध्ये होत नाही का? आणि कट केल्यावर मधेच लाइट गेली तर? आमच्याकडं लाइटचा काही भरवसा नाही.

उत्तर : ताई, दोन दिवसांचं काम गेलं हे वाचून खरंच वाईट वाटलं, आणि यात तुमची काही चूक नाही. एमव्हीचा स्वभावच तसा आहे, लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून ती कमांड आहे आणि त्याच नावाची फाइल समोर दिसली तरी गुपचूप तिच्यावर नवी ठेवते, टर्मिनलमध्ये रिसायकल बिनही मधे येत नाही. कट-पेस्ट त्यानंतरचं, लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात ते बसवलं, म्हणजे वस्तू आधी उचलायची, मग जागा बघायची, मग ठेवायची. तुम्हाला हवी ती मधली उसंत हीच.

ती देणारं टूल आहे, नाव क्लिपबोर्ड, फुकट आहे, कमांड फक्त सीबी (इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची). सीबी कट आणि पुढं फाइलचं नाव, मग सीडी या फोल्डर बदलण्याच्या कमांडनं हव्या त्या फोल्डरमध्ये जायचं आणि सीबी पेस्ट, झालं. तिथं त्याच नावाची फाइल असेल तर ते थांबून विचारतं, बदलू का म्हणून. माझ्या मते तुमच्यासाठी एवढ्या एकाच गोष्टीकरता ते घेण्यासारखं आहे. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर नाव अवतरणचिन्हात टाका, नाहीतर एका नावाची दोन नावं समजतं.

आता लाइटचं. कट केलं म्हणून मूळ फाइल लगेच जात नाही, ती जागच्या जागी असते, पेस्ट झाल्यावरच काढली जाते, म्हणजे कट करून तुम्ही चहाला गेलात आणि लाइट गेली तरी मूळ शाबूत. पण उचललेली नक्कल तात्पुरत्या फोल्डरमध्ये असते, मशीन परत चालू केल्यावर ती बहुतेक सापडणार नाही, परत कट करावं लागेल. रोज लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे तुमच्या ठरलेल्या बॉर्डरी वगैरे, सीबी कॉपी मधल्या कॉपी शब्दाला चिकटून अंडरस्कोर आणि एखादं नाव देऊन ठेवा, त्या रीस्टार्टनंतरही राहतात. नुसता आकडा चिकटवला, कॉपी१ कॉपी२ असा, तर वेगवेगळे कप्पे होतात, एकात चादरीची डिझाइनं एकात टॉवेलची. हा आकडा मात्र कीबोर्डवरचा इंग्रजीच हवा.

एक तोटा सांगतो. हे टूल फाइलची खरोखर नक्कल करून ठेवतं, त्यामुळं मोठ्या फाइलला वेळ आणि डिस्कवर जागा दोन्ही लागतं. एकाच डिस्कवर हलवायचं असेल तर एमव्ही नुसतं नाव बदलतं, चार जीबीची फाइलही क्षणात सरकते, तिथं एमव्हीच बरं, फक्त पुढं डॅश आय लावा म्हणजे तीही आधी विचारेल.

आणि एक्सक्लिप नावाच्या दुसऱ्या टूलच्या नादी यासाठी लागू नका, ते मजकुरासाठी चांगलं आहे, फोल्डर इकडचा तिकडं न्यायला नाही. टर्मिनलमध्ये कंट्रोल सीही दाबू नका, त्यानं कॉपी होत नाही, चालू असलेलं काम थांबतं.

सीबी टाकायला मालकांची परवानगी लागत असेल तर तोवर आजच तुमच्या बॅशआरसी फाइलमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) एमव्हीचा एलियस, म्हणजे टोपणनाव, एमव्ही डॅश आय असा करून ठेवा आणि टर्मिनल बंद करून परत उघडा.